कपाळावरचं जू

ड्रॉइंग सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी भूगोल शिकवायचो, म्हणून मी ‘भूगोल’. गणिताच्या बाई ‘गणित’, मुख्याध्यापक ‘प्रशासन’ आणि घंटा देणारे काका ‘वेळापत्रक’. यात आपण काही गंमत करतोय असं त्यांना अजिबात वाटत नसे. एकदा शाळेत साहेब तपासणीला आले, तर सरांनी “या तपासणी, बसा” म्हणून त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. मुख्याध्यापकांना जो घाम फुटला तो साहेबांची गाडी घाटंजीच्या बाहेर पडेपर्यंत वाळला नाही.

अंगाने काटकुळे, शर्ट कायम बाहेर आणि कानावर शिसपेन्सिल. ही पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून ते जगातली प्रत्येक वस्तू मोजत. आठवडी बाजारात वांगी घेतानासुद्धा. भाजीवाली वैतागून म्हणायची, “मास्तर, वांगं घ्याचं हाय का फोटो काढाचा हाय?”

“वांग्याचा देठ वाकडा हाय का सरळ, थे पाहून राह्यलो.”

“भाजीत देठ कोण पाह्यते?”

“मी पाह्यतो,” सर म्हणत आणि पुढच्या ढिगाकडे वळत. एक किलो वांगी घ्यायला त्यांना अर्धा बाजार लागे. मी पिशवी धरून उभा. माझी बायको मला विचारायची, तुम्ही भाजी आणायला गेलता का पीएचडी करायला?

सरांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी शाळेच्या प्रत्येक पोराच्या डोक्यात ठोकला होता: जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. स्नेहसंमेलनात एकदा कोळीनृत्य होतं, तर मागचा पडदा रंगवायचं काम सरांकडे आलं. त्यांनी आभाळ काढलं, वाळू काढली आणि मधे पांढरी पट्टी तशीच ठेवली. मुख्याध्यापक धावत आले, “अहो, समुद्र कुठे आहे?”

“समुद्र म्या पाह्यला नाही.”

“अहो पण निळा रंग द्या ना नुसता!”

“निळा कोणता? सकाळचा का संध्याकाळचा?”

शेवटी त्या पांढऱ्या पट्टीपुढेच पोरींनी नाच केला. लोकांना वाटलं फेस आहे. टाळ्या पडल्या, सर मात्र पुढचे कित्येक दिवस अस्वस्थ होते, कारण फेसही त्यांनी पाहिलेला नव्हता.

आता त्या चित्राची गोष्ट. रद्दीवाल्याकडे सरांना कुठल्याशा परदेशी मासिकाचं एक रंगीत पान सापडलं. स्पेनमधलं एक खेडेगाव. टेकडीवर चढत गेलेली घरं, भिंतींवर रंगवलेल्या फरशा, मधे चौक, आणि चौकात दगडाची बैलजोडी. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मीच त्यांना वाचून दाखवलं: हे गाव दगड घडवणाऱ्यांचं आणि मातीची भांडी रंगवणाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या. सरांनी ते पान ड्रॉइंगच्या वर्गातल्या कपाटावर चिकटवलं. बैलांची ताकद, मानेच्या वळ्या, नाकपुड्या, सगळ्यावर ते खूश होते. एकच गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. दगडाच्या त्या बैलांचं जू मानेवर नव्हतं. कपाळाशी होतं, शिंगांना बांधलेलं.

“एवढा मोठा कलाकार, अन् जू कपाळावर!” ते दर वर्षी नव्या पाचवीला सांगत. “काहून झालं असं? बैल पाह्यलाच नाही यानं. घरी बसून काढला.” आणि पोरांनी हा धडा विसरू नये म्हणून त्यांनी त्या पानावर लाल पेन्सिलीने शेरा मारून ठेवला होता: ‘बैल चांगला. जू चूक. दहापैकी तीन. पुन्हा काढून दाखवा.’ खाली सही.

आपल्या शेऱ्याचं उत्तर त्या गावाहून येईल अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती की काय, कोण जाणे. मधल्या सुट्टीत चहा पिताना मात्र ते रोज मला विचारत, “भूगोल, तिकडं आता किती वाजले असतील?” मी रेखांशाचा हिशेब करून सांगायचो. “म्हंजे आता उठून राह्यले असतील लोक,” असं म्हणून ते चहा संपवत. मग दिवसभर त्यांना समाधान असे.

सरांकडे स्वतःचे बैल नव्हते. वडिलांच्या काळात एक जोडी होती, पुढे वावर भावाकडे गेलं, बैलही गेले. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी सर घरी सापडायचे नाहीत. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, जुवाने वर्षभर घासलेल्या जागी हळद आणि तूप चोळतात, आणि बैलाच्या कानाशी सांगतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा. हे आवतन सर गावातल्या गोठ्यागोठ्यात जाऊन देत. लोकांना सवय झाली होती. “मास्तर आले, बैलाले उठवा,” म्हणायचे.

एका वर्षी एका शेतकऱ्याकडे बैल विकून ट्रॅक्टर आला होता. तो म्हणाला, “सर, यालेच लावा हळद.” सरांनी ट्रॅक्टरकडे पेन्सिल धरून पाहिलं आणि म्हणाले, “हा जेवत नाही.” आणि सायकल काढून पुढच्या गावाला गेले.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, एवढं कायले? तेव्हा ते थट्टा बाजूला ठेवून बोलले. “बाप जाताना म्हणे, बैल असो नसो, आवतन चुकवजो नको. वर्षभर आपण त्याले हाक मारतो थे कामाले. एक दिवस जेवाले हाक मारली पाह्यजे का नाही? थे जनावर काही मांगत नाही, म्हणून आपण इचाराचं.” ते एकदाही चुकले नव्हते. तापाने फणफणत असतानाही एका वर्षी दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून गेले होते.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. माझी मुलगी मीनू नोकरीनिमित्त स्पेनमध्ये राहते. तिने आम्हा नवराबायकोला बोलावलं, पण बायकोने गुडघ्यांवर हात ठेवून सांगितलं, “एवढा वेळ इमानात बसून मी काही उठत नाही मंग. सरांले घेऊन जा. त्यायच्या बैलाचं एकदाचं मिटू द्या.”

मी सरांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. मग म्हणाले, “कधी?” मी तारखा सांगितल्या. मीनूला रजा तेव्हाच होती. सरांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पोळा बरोबर मधे येत होता.

सरांचा चेहरा एवढा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. एवढी वर्षं ज्या गावात किती वाजले विचारलं, ते गाव एकीकडे आणि बापाला दिलेला शब्द दुसरीकडे. “नाही जमत भूगोल,” ते म्हणाले. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना फाटक वाजलं. सर.

“तिकडं दोन बैल हायेत ना? चौकातले?”

“ते दगडाचे आहेत, सर.”

“असू द्या. आवतन त्यायले देईन. फक्त पोळ्याच्या आदल्या दिवशी मले तिथं पोचवा.”

मीनूने फोनवर बजावलं, तूप आणू नका, तिकडे विमानतळावर काढून घेतात. सरांनी तुपाचा डबा जड मनाने माझ्या बायकोकडे दिला आणि हळदीची डबी शर्टाच्या खिशात ठेवली. विमानात त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. समुद्र दिसायला लागला तसं त्यांनी मला कोपराने उठवलं, पेन्सिल हातभर लांब धरली, एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “प्रशासनाले सांगा, आता पट्टी भरतो.” शेजारच्या बाईंनी घाबरून एअर होस्टेसकडे पाहिलं.

मीनूने गाडी चालवत त्या गावात आम्हाला नेलं ते पोळ्याच्या आदल्या दुपारी. दोन्हीकडे कापलेल्या गव्हाची पिवळी वावरं आणि वाळलेली सूर्यफुलं. गावात शिरलो तर सगळी दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एका ओट्यावर कुत्रं पाय पसरून झोपलेलं. सर आनंदून म्हणाले, “हे तं घाटंजीच हाय! मे महिन्यातलं!”

त्या दुपारी सरांनी गाव पाहिलं ते सांगायला हवं. घराच्या नंबराची फरशीसुद्धा रंगवलेली, त्यावर कुठे डाळिंब, कुठे पक्षी. सर प्रत्येकीपुढे थांबून मान हलवत होते. पाणवठ्याच्या दगडी कडेवर घागरी ठेवून ठेवून खड्डे पडले होते, त्यात त्यांनी बोटं फिरवली. चर्चमध्ये लाकडाचे संत उभे होते. मीनू कोण कोण ते सांगत होती, सर मात्र खाली वाकून नुसते पाय पाहत होते. “टाचा पाहा, भूगोल. भेगा काढल्या त्यानं. ह्या माणसानं अनवाणी चालणारे लोक पाह्यले होते.” मग सरळ उभे राहून म्हणाले, “मंग बैलाच्या वेळेसच हे गाव काहून चुकलं?”

चौकात आलो. बैलजोडी चित्रातल्यापेक्षा मोठी होती. सरांनी पिशवीतून ते पान काढलं, कपाटावरून सोलून जपून आणलेलं, आणि ताडून पाहिलं. जू कपाळाशीच होतं. बाकावर एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता, डोक्यावर सपाट टोपी. गावात जागा असलेला तो एकच माणूस असावा.

“ओ भाषांतर,” सर मीनूला म्हणाले, “यायले सांग, तुमचे बैल लय सुंदर हायेत, पण जू चुकलं.”

“सर, असं कसं सांगू?”

“खरं हाय थे सांगाले काय होते?”

मीनूने सांगितलं. पुष्कळ साखर घालून सांगितलं असणार. तरी म्हाताऱ्याची हनुवटी काठीवरून उचलली गेली. त्याने सरांच्या हातातलं पान ओढून घेतलं, लाल पेन्सिलीवर बोट ठेवून काय लिहिलंय ते विचारलं. मीनू माझ्याकडे पाहायला लागली. मी आभाळाकडे पाहायला लागलो. अखेर तिने सांगितलं. दहापैकी तीन.

म्हातारा उठला. काठी आपटत तरातरा चालू लागला. दहा पावलांवर थांबून, मागे वळून त्याने आम्हाला हात केला, चला म्हणून. त्याचा चेहरा असा होता की पोलिसात नेतोय की घरी, समजेना.

त्याने नेलं ते आपल्या गोठ्यात. अंधारात दोन तांबूस धिप्पाड बैल रवंथ करत उभे होते. गावात उरलेली ही एकच जोडी, मीनूने विचारून सांगितलं, आणि चौकातले दगडाचे बैल याच्या बापाच्या जोडीवरून घडवलेले. म्हाताऱ्याने भिंतीवरून जू काढलं. बैलांच्या कपाळावर मेंढीच्या कातड्याच्या गाद्या ठेवल्या, जू शिंगांच्या बुडाशी बसवलं आणि चामड्याचा लांब पट्टा शिंगांना आणि कपाळावरून गुंडाळत, पीळ देत, घट्ट बांधला. मग बैलांना बाहेर काढून रिकामी गाडी जोडली आणि सरांकडे बघत अंगणात एक फेरी मारली. बैल मानेने नव्हे, डोक्याने गाडी ओढत होते.

मला वाटलं, सर आता खचणार. इतक्या पाचव्यांना जे चूक म्हणून शिकवलं ते बरोबर निघालं. सरांनी पेन्सिल वर केली, एक डोळा मिटला, तसेच उभे राहिले. मग जे हसायला लागले! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत म्हणाले, “बैल पाह्यला नव्हता, भूगोल! त्यानं नाही! म्या!” त्यांना हसताना पाहून म्हाताऱ्याच्या मिशाही हलायला लागल्या. सर त्याच्या हाताला धरून म्हणाले, “वा, कृषी, वा!” म्हणजे त्याचंही बारसं झालं.

जू उतरवलं. बाहेर उन्हं कलली होती. सरांनी खिशातून हळदीची डबी काढली आणि मीनूला म्हणाले, “आता याले इचार, तुमच्या बैलाले आवतन दिलं तं चालन का?”

हळद पाहून म्हातारा बैलांपुढे आडवा आला. हे पिवळं काय आहे? जनावराला काही झालं तर? मीनू समजावत होती, तो मान हलवत होता. सरांचा हसरा चेहरा पुन्हा उतरायला लागला. शेवटी त्यांनी म्हाताऱ्याच्या खिडकीतली ऑलिव्ह तेलाची बाटली उचलली, तळहातावर हळद कालवली आणि मला म्हणाले, “भूगोल, खांदा द्या.”

“माझा?”

“तुम्हीही पुष्कळ ओढलं. द्या.”

माझ्या नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टाची बटणं सोडून सरांनी माझ्या खांद्यावर हळद चोळली. म्हाताऱ्याने जवळ येऊन वास घेतला. मी मेलो नाही हे पाहून तो बाजूला सरला. त्या शर्टाच्या कॉलरीवरचा डाग अजून गेलेला नाही, आणि बायको दर धुण्याला त्या देशाचा उद्धार करते.

सर बैलाजवळ गेले. सवयीने हात आधी खांद्याकडे गेला आणि तिथे थांबला. खांदा मऊ होता. ना घट्टा, ना केस गेलेली जागा. त्या खांद्यावर कधी जू आलंच नव्हतं. सरांनी हात वर नेला. शिंगांच्या खाली, कपाळावर, पट्ट्याने केस झिजून कातडी गुळगुळीत झाली होती. तिथे त्यांनी हळद-तेल चोळलं, हळूहळू, गोल गोल, आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या. बैलांनी डोळे मिटले. मग सर कानाशी वाकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

ते बैल, ती ओळखीची हाक, घरापासून इतक्या लांब. मीनूने म्हाताऱ्याला अर्थ सांगितला. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. मग त्याने अगदी गंभीरपणे काहीतरी विचारलं. मीनू फसकन हसली.

“बाबा, ते विचारताहेत, किती वाजता?”

आता आवतन दिलं म्हणजे स्वयंपाक आला. हरभऱ्याची डाळ तिथे मिळेना, म्हणून पांढरे काबुली चणे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी ते शिजवून, सालं काढून, तपकिरी साखर घालून सर पुरण आटवायला बसले. मी वाटत होतो. बायको फोनच्या पडद्यावरून देखरेख करत होती. आम्ही घेतलेल्या खोलीत लाटणं नव्हतं.

“अहो, थे कायनं लाटून राह्यले तुम्ही? दारूची बाटली हाय का थे?”

“रिकामी आहे गं.”

“रिकामी कोणं केली?”

आम्ही तिघांनीही म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. तो पाहुणा वेळेच्या फार आधी येऊन बसला होता, हातात वाइन घेऊन. बायकोने पडद्यातून त्याला नमस्कार केला. त्यानेही टोपी काढली.

पोळ्या कुठे फाटल्या, कुठे जाड झाल्या, नकाशे तर सगळ्यांचेच झाले. पहिली दोन ताटं गोठ्यात गेली. बैलांनी एकदा हुंगलं आणि जिभेने ताट सफा केलं. मग म्हाताऱ्याने चार खाल्ल्या. मग तो शेजारच्यांना बोलवायला गेला, आणि संध्याकाळी त्या चौकात दगडी बैलांखाली बसून अर्धं गाव पुरणपोळीचे तुकडे खात होतं. सरांनी ते पान गुडघ्यावर घेतलं, ‘तीन’ खोडून ‘दहा’ केले, ‘पुन्हा काढून दाखवा’ यावर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘चूक तपासणाऱ्याची.’ सही केली. ते पान त्यांनी म्हाताऱ्याला देऊन टाकलं. म्हाताऱ्याने, पुढचा पोळा कधी, म्हणून विचारलं. सर अमावास्या समजावत बसले, आणि मीनूने मुकाट्याने आपल्या फोनमध्ये तारीख टाकली.

सर आता ढाणकीला बहिणीकडे असतात. आमची भेट कमी झाली, फोन होतात. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी फोन आला.

“भूगोल, तिकडं आता किती वाजले?”

“अडीच. दुपार.”

“कृषी झोपला असन. भाषांतरले सांगा, उठवा त्याले. मले आवतन द्याचं हाय.”

मी म्हटलं, सर, तुमच्या ढाणकीत बैल नाहीत का? ते म्हणाले, “हायेत. सगळ्यायचं झालं. हे दोघंच राह्यले.”

मीनूने फोन जोडून दिला. तिकडून आधी खरखर आली, मग गोठ्यातली घंटा, मग एका मोठ्या नाकाचा श्वास. म्हाताऱ्याने फोन बैलाच्या कानाला लावला असावा. सर इकडून मोठ्याने, अगदी सावकाश म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

तिकडे घंटा हलली. मग म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला. मीनूकडून पाठ करून घेतलेल्या, पण चांगल्या खणखणीत मराठीत त्याने विचारलं:

“किती वाजता?”